हरवलेल्या मुलीचे तीन तास

६ जानेवारी

प्रिय आत्या,
नमस्कार. आजीचाही आशीर्वाद.

हे पत्र मी बाबांना न विचारता लिहिते आहे. पत्ता आजीने घातला आणि तिकीटही तिनेच चिकटवलं, त्यामुळे सापडलो तर दोघी सापडू.

आमच्या वर्गाची सहल त्या मोठ्या पार्कात चालली आहे, जिथे तू आणि बाबा लहानपणी जायचात. तीस तारखेला. सगळी मुलं जाणार आहेत, ज्याचा हात प्लॅस्टरमध्ये आहे तोसुद्धा. बाईंनी सही आणायला कागद दिला. आईने लगेच केली, पण सह्या दोघांच्या लागतात. बाबांनी कागद दोनदा वाचला, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, बघू. बाबांचं बघू म्हणजे नाही, हे तुला माहीत असेलच.

आई म्हणते, रोज लिफ्ट दुरुस्त करून करून त्यांना हलणाऱ्या सगळ्याच वस्तूंची भीती वाटायला लागली आहे. आजी फक्त म्हणाली, आत्याला लिही. बाबा कोणाचंच ऐकत नाहीत, पण तुझ्यापुढे गप्प बसतात म्हणे. मग तू त्यांना गप्प बसव आणि तेवढ्यात सही घे.

तुझी लाडकी,
भिंगरी

(खरं नाव मुद्दाम घातलेलं नाही. पत्र पकडलं गेलं तर.)

१३ जानेवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. (कागदावरच. कंबर सध्या वाकू देत नाही.)

नव्या नाटकाचे कपडे चालू आहेत. दुसऱ्या अंकात राणीची चाळीस सेकंदांत भिकारीण व्हायची आहे, म्हणून भिकारणीचा पोशाख आतून घालून वर राणीचा चढवायचा, आणि तरी राणी जाडी दिसता कामा नये. दिग्दर्शक म्हणतात, सोपं आहे. त्यांच्या हातात एकदा सुई द्यावी असं फार मनात आहे.

आता कामाचं. तुझ्या खिशात एक कागद आहे, त्यावर सही कर. मला कसं कळलं ते विचारू नकोस. तुझ्या घरात माझे हेर आहेत, आणि त्यातला एक बहात्तर वर्षांचा आहे.

अरे, आपण त्या पार्कात किती नाचलो आहोत. वर्षातून एक दिवस, पण त्याची तयारी महिनाभर चालायची. आईने पावाच्या चळती कापडात बांधायच्या, अण्णांनी बूट पुसायचे, आणि तू आदल्या संध्याकाळपासून फाटकाजवळ कुठून शिरायचं याचे नकाशे काढायचास. बदकांच्या होड्या आठवतात? आणि दारातला तो लाकडी जिराफ, ज्याच्या मानेवरच्या लाल रेघेइतकी उंची नसेल त्याला सुसाट गाडीत घेत नसत? माझं डोकं त्याच्या गुडघ्याशी यायचं. तेव्हापासून तू मला ठमी म्हणतोस आणि चाळिशी आली तरी सोडत नाहीस.

पोरगी नऊ वर्षांची आहे. तिला तिचा जिराफ भेटू दे. वहिनीला आणि आईला नमस्कार. माझ्यावर माया आहे ती तशीच ठेव, सहीचा नकार मात्र बदलून टाक.

तुझी,
ठमी

१९ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. कंबरेसाठी गरम पाण्याची पिशवी घेत जा आणि जमिनीवर बसून कापड बेतू नकोस, हे मी चौथ्यांदा लिहितो आहे.

तुझे हेर मला माहीत आहेत. पाकीट टाकायला दोघी मिळून गेल्या आणि परत येताना आइस्क्रीम खाल्लं, हेही माहीत आहे.

सही करणार नाही. तू हसशील, पण मी यंत्रांत आयुष्य काढलं आहे. लिफ्टचं दार बंद होताना जो आवाज होतो त्यावरून मला सांगता येतं की आतली पट्टी किती झिजली आहे. तसले आवाज ऐकणारा माणूस त्या पार्कात आहे की नाही, मला माहीत नाही. शिवाय चाळीस मुलांमागे दोन बाई. दोन बायकांना चाळीस मुलांची डोकी मोजता येतात, पण मोजून झाल्यावर एक डोकं हललं की संपलं.

आणि तू तरी हे कोणत्या तोंडाने लिहितेस. आपल्या घरावर त्या पार्काने काय आणलं ते तू विसरली असशील, सहा वर्षांची होतीस. मी दहाचा होतो. तीन तास तू हरवली होतीस. त्यानंतर आपण तिथे कधी गेलो नाही. हे पुरेसं नाही का?

भिंगरीला रागावू दे. राग जातो. हा विषय इथेच मिटव आणि बाकी सगळं लिहीत राहा. तुझ्या पत्राची वाट बघणं हे माझं रविवारचं काम आहे.

तुझा,
दादा

२४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विषय मिटवत नाही, कारण तू मला माझीच गोष्ट चुकीची सांगतो आहेस. ते तीन तास माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. हे मी कधी बोलले नाही, कारण घरात त्या दिवसाचं नाव काढलं की आई भांडी घासायला उठायची.

मी बदकांच्या तळ्यात घसरून कमरेपर्यंत भिजले होते. तिथून एक बाई चालल्या होत्या, दोन्ही हातांत केसाळ पोशाखांचा ढीग, तोंडात टाचण्या. टाचण्या न काढता त्यांनी मला मानेनेच खूण केली, चल. होड्यांच्या मागे एक लांबट खोली होती, तिथे पार्कातल्या सगळ्या प्राण्यांचे कपडे शिवायचे. खुंट्यांवर अस्वलं टांगलेली, टेबलावर हत्तीच्या तीन सोंडा, खोक्यात नुसत्या शेपट्या. सगळे त्यांना टाचणीबाई म्हणायचे. त्यांनी माझा ओला फ्रॉक काढून इस्त्रीखाली घातला आणि मला माकडाचं जाकीट दिलं, जे माझ्या पायांपर्यंत आलं. मग शेपट्यांचं खोकं माझ्यापुढे ठेवलं आणि सांगितलं की लांब शेपट्या इकडे, आखूड तिकडे.

मी जन्मात पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगाची झाले होते. घरात मी कायम कोणाच्या तरी हाताला धरलेली असायचे. तिथे मला सुई ओवायला दिली, आणि ती माझ्याकडून एका झटक्यात ओवली गेली. बाई म्हणाल्या, तुझे डोळे मला हवेत. दादा, लोक विचारतात की तू या धंद्यात कशी आलीस. त्यांना मी काहीबाही सांगते. खरं उत्तर ते आहे.

तेव्हा माझ्या नावाने त्या पार्काला नावं ठेवू नकोस. सही कर. अजून सहा दिवस आहेत.

लोभ आहेच. थोडं भांडणही असू दे, म्हणजे लोभ आळणी होत नाही.

ठमी

२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद.

सहल होऊन गेली. भिंगरी गेली नाही. त्या दिवशी तिने शाळेत रिकाम्या वर्गात बसून चित्रं काढली. घरी येऊन मला चहा हवा का असं विचारलं. तेव्हापासून माझ्याशी ती फार सभ्यपणे बोलते आहे, पाहुण्याशी बोलावं तसं. तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

तुझं पत्र मी कामावर नेलं होतं. एका इमारतीत लिफ्टच्या माथ्यावर, यंत्राच्या खोलीत बसून पुन्हा वाचलं. तू ज्याला सुख म्हणतेस ते वाचलं आणि कागद पुढे ओढला. आता लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही.

तू हरवली नव्हतीस. मी तुला सोडून गेलो होतो.

मी सगळ्यांना सांगितलं की पाणी आणायला गेलो तेवढ्यात तू निसटलीस. ते खोटं होतं. सलग तीन वर्षं मी त्या जिराफाच्या रेघेपेक्षा उंच होतो आणि सलग तीन वर्षं बदकांच्या होडीत बसत होतो, कारण तुला एकटीला सोडायचं नाही असा हुकूम होता. त्या दिवशी मी तुला तळ्याजवळच्या बाकावर बसवलं आणि पाचशे अंक मोजायला सांगितले. तुला शंभरच्या पुढे येत नव्हतं, हे मला माहीत होतं. मग मी सुसाटकडे पळालो.

आणि हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. मी दोनदा बसलो. पहिल्या फेरीनंतर तू आठवलीस. आठवूनही मी पुन्हा रांगेत उभा राहिलो. इतकी मजा मला त्याआधी कधी आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही. परत आलो तेव्हा बाक रिकामा होता.

पुढचं तू पाहिलंस. अण्णांनी मला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. जन्मात एकदाच. वजनकाट्यावरच्या नोकरीत मालमोटारवाल्यांशीसुद्धा ज्यांनी कधी आवाज चढवला नाही, त्यांचा हात माझ्यामुळे उठला. आपलं पार्कात जाणं बंद झालं तेही माझ्यामुळे. तू कॉलेजात गेलीस तेव्हा मी फाटकाशी उभा राहायचो, तुझ्या होस्टेलच्या दाराची कडी तपासायला आलो, तू चिडलीस. आता कळलं असेल मी काय तपासत होतो.

तुला राग आला तर तो रास्त आहे. पत्र लिहायचं थांबवू मात्र नकोस.

दादा

८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा मी राणीच्या झग्याला अस्तर लावत होते. एक बाही उलटी लागली, ती अजून तशीच आहे.

मला राग आलेला नाही. येण्याचा हक्कच नाही. तू जे लिहिलंस त्यातलं बहुतेक मला ठाऊक होतं. पाचशे अंक मोजायला सांगून तू वळलास आणि पळालास, ते मी पाहिलं. तुझा निळा सदरा सुसाटच्या रांगेत शिरेपर्यंत मी पाहत होते. मी अंक मोजलेच नाहीत. मला इतका संताप आला होता की मी मुद्दाम तळ्याच्या काठावर गेले, जिथे जायचं नाही असं आईने बजावलं होतं. मग घसरले.

आता जे लिहायचं आहे ते सोपं नाही.

त्या खोलीत लाउडस्पीकर होता. माझं नाव त्यावर सात वेळा घेतलं. मी मोजलं, सातपर्यंत मला येत होतं. पहिल्या वेळी टाचणीबाईंनी शिवण थांबवलं आणि विचारलं की ही तू का. मी नाही म्हटलं. माझं नाव म्हणून शेजारच्या मुलीचं नाव सांगितलं. वर हेही सांगितलं की माझे वडील इथेच आइस्क्रीमच्या गाडीवर असतात आणि संध्याकाळी न्यायला येणार आहेत. लाउडस्पीकरवर हिरवा फ्रॉक सांगत होते आणि माझा तर पिवळा होता, त्यामुळे बाईंना ते पटलं. संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी हत्तीच्या सोंडा पुऱ्या करायच्या होत्या, त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

आधी वाटलं, तुला शिक्षा व्हावी. दोन-तीनदा नाव ऐकल्यावर शिक्षेचं विसरले, तिथून उठावंसंच वाटेना. आणि पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत इतकं मोठं झालं होतं की आता मीच ती, हे कोणत्या तोंडाने सांगू, असं झालं.

मग पहारेकऱ्याने मला पाहिलं आणि अण्णा आले. ते टाचणीबाईंना काय म्हणाले ते तुला आठवतं का? मला शब्दन् शब्द आठवतो. मुलं पळवणारी बाई, असं म्हणाले. शिवणाऱ्या दहाबारा बायका उभ्या होत्या, बाहेरून लोक डोकावत होते. बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून उशीत खोचल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी जाकिटाची बटणं बघत बसले. नंतर तुला मार बसला, तेव्हाही मी गप्प होते. घरी आईने विचारलं तर मला काही आठवत नाही म्हणाले, आणि तू इतक्या कृतज्ञतेने माझ्याकडे पाहिलंस की मग कधीच सांगता आलं नाही.

चौतीस वर्षं तू माझ्या दाराच्या कड्या तपासतो आहेस आणि मी तुला तपासू देते आहे. त्या बाईंची नोकरी गेली असेल का, हे मी प्रत्येक नव्या नाटकाच्या वेळी, पहिली सुई ओवताना मनात आणते आणि लगेच दुसरीकडे बघते.

माझ्यावर माया उरली असेल तेवढी पुरे. जास्त मागत नाही.

ठमी

१ मार्च

चि. सौ. धाकटीस,
आईचे आशीर्वाद.

माझा हात कापतो, म्हणून अक्षर असं मुंग्यांसारखं. समजून घे.

दादाने तीन आठवडे उत्तर दिलं नाही म्हणून तू जिवाला लावून घेतलं असशील. तो रागावलेला नाही. काल त्याने तुझं पत्र आणि स्वतःच्या पत्राची नक्कल माझ्यापुढे ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. दहा वर्षांचा होता तेव्हा प्रगतिपुस्तक ठेवून असाच उभा राहायचा.

दोघांची पत्रं वाचली. आता माझं ऐक.

आपलं घर एका खोलीचं. तुम्ही दोघं, आम्ही दोघं आणि मधे पडदा. आम्हाला भांडायला जागा नव्हती. वर्षभर जे साठायचं ते आम्ही पार्कात नेऊन भांडायचो. तुम्हाला वाटायचं की तुमच्या हौसेसाठी नेतो. तुम्हाला पाठवलं की आम्ही कारंज्यामागच्या बाकावर बसायचो आणि मी त्यांना सगळं ऐकवायचे, आणि तेही मला. संध्याकाळी मोकळे होऊन घरी यायचो. त्या वर्षीचं भांडण मोठं होतं. त्यांना बदलीच्या गावी जायचं होतं आणि मला नाही. तासभर झाला तरी संपेना. दादा आधी एकदा धावत येऊन म्हणाला होता की मला सुसाटमध्ये जायचंय, कोणीतरी ठमीला बघा. मी वर न बघता म्हटलं, नंतर. हे तो विसरला आहे. मी नाही.

आणि हिरवा फ्रॉक मी सांगितला. घाबरून. सकाळी माझ्याच हाताने पिवळा घातला होता.

दहा वर्षांच्या मुलाच्या हाती सहा वर्षांची मुलगी आम्ही दिली. त्यात तुमचं काय चुकलं ते तुम्ही दोघं मोजत बसला आहात. पार्क बंद झालं ते तुमच्या अण्णांनी बंद केलं. मी पुढच्या वर्षी विचारलं तर म्हणाले, मला तिथे तोंड दाखवायला नको वाटतं. का ते सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही, कारण माझंही तोंड तसंच होतं.

कंबरेला शेक. लोकर मिळाली, पण रंग तू म्हणाली होतीस तो नाही.

आई

१७ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. उशिराबद्दल रागावू नकोस. तीन वेळा लिहायला बसलो आणि तीनही वेळा हवापाण्यापलीकडे गेलो नाही.

आईचं पत्र मी टाकायच्या आधी वाचलं. तिनेच वाचायला लावलं. तिने वर पाहिलं नव्हतं हे मला खरंच आठवत नाही. आठवलं असतं तरी मी दोनदा बसलोच असतो.

काल भिंगरीला पार्कात घेऊन गेलो. फक्त आम्ही दोघं. जिराफ गेला, त्या जागी नुसता रंगवलेला खांब आहे. सुसाट आहे, रंग नवा आणि आवाज जुना. मी तिथल्या मेकॅनिकला ब्रेकच्या पट्ट्यांबद्दल विचारायला लागलो, तर त्याने मला नम्रपणे पिवळ्या रेघेमागे उभं राहायला सांगितलं. भिंगरीची उंची खांबावरच्या रेघेच्या वर चार बोटं. ती एकटी बसली. मी कठडा धरून होतो. खाली आल्यावर धावत आली आणि विचारलं, अजून एकदा जाऊ का. दुसऱ्या फेरीआधी मी कोणाला विचारलं नव्हतं, हे तिला कसं सांगणार. म्हटलं, जा. ती गेली. मी उभा राहिलो. ती दिसेनाशी व्हायची तेवढे आठ-दहा सेकंद वाईट गेले, पण गेले. येताना बसमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि आता ती पुन्हा मला उलट उत्तरं देते आहे. घर जागेवर आलं.

आता तुझं काम. शिवणखोली अजून आहे. आतल्या मुली नव्या, पण फाटकावरचा म्हातारा पहारेकरी जुना. टाचणीबाई म्हणताच हसला. त्यांची नोकरी गेली नव्हती, ठमे. बारा वर्षांपूर्वीपर्यंत त्या तिथेच होत्या, शेवटी सगळ्या खोलीच्या मुख्य. आता भाचीकडे राहतात. पत्ता सोबत जोडला आहे. तुझ्या नाट्यगृहापासून बसने अर्धा तास. इतकी वर्षं त्या तुझ्यापासून अर्ध्या तासावर आहेत.

जावंसं वाटलं तर जा. नाही गेलीस तरी मी विचारणार नाही. दाराची कडी तपासणं मी सोडतो आहे, हळूहळू सुटेल.

तुझा,
दादा

२९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल गेले होते. आज नाटकाला सुट्टी आहे, म्हणून सकाळपासून हेच करते आहे.

दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीत शिवणयंत्र, त्यावर आता औषधांच्या बाटल्या. टाचणीबाई इतक्या लहानखुऱ्या झाल्या आहेत की माकडाचं जाकीट आता त्यांनाही पायघोळ होईल. नजर अधू आहे. भाचीने मला खुर्ची दिली आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी वाटेत सगळं पाठ केलं होतं, ते एका दमात सांगितलं. तळं, फ्रॉक, सात वेळा घेतलेलं नाव, खोटं नाव, खोटे वडील. त्या दिवशी तुमच्यावर जे आलं ते माझ्यामुळे, आणि मी बोलले नाही, असं म्हटलं.

ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, पोरी, मला तू आठवत नाहीस.

त्यांनी समजावून सांगितलं. पार्क होतं, रोज मुलं हरवायची. भिजलेली, पडलेली, चुकलेली. जी रडायची ती त्यांच्याकडे यायची, कारण शेपट्यांचं खोकं बघितलं की कोणतंही पोर गप्प व्हायचं. खोटी नावं तर कितीतरी सांगायची. एकाने तर आपण राजपुत्र आहोत असं सांगितलं होतं. मी हसले आणि त्याच वेळी मला रडू आलं. चौतीस वर्षं मी ज्यांच्या नजरेला भिऊन होते, त्या नजरेत मी राहिलेच नव्हते.

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं की तुझे वडील वजनकाट्यावर होते का. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, मुलगी आठवत नाही, बाप आठवतो.

दादा, अण्णा दुसऱ्या दिवशी तिथे गेले होते. सोमवार होता, कामावर अर्धी रजा टाकून. जेवणाच्या सुट्टीत, जेव्हा त्या सगळ्या बायका एकत्र बसायच्या, नेमके तेव्हा. दारात उभे राहिले आणि आदल्या दिवशी ज्या आवाजात ओरडले होते त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की काल मी या बाईंना मुलं पळवणारी म्हणालो, माझी मुलगी यांच्याकडे सुखरूप होती, मी चुकलो. बाई म्हणतात, त्यांनी ते वाक्य घोकून आणलं असावं, कारण मधे अडले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ओरडणारे आईबाप त्यांनी खूप पाहिले. परत आलेला हा एकच. म्हणून आठवतो.

मग इतर बायका जेवायला लागल्यावर ते बाईंजवळ आले आणि हळू आवाजात बोलले. हे मी बाईंना दोनदा सांगायला लावलं, म्हणजे माझ्याकडून एक शब्द इकडेतिकडे व्हायला नको. अण्णा म्हणाले, मी काल माझ्या मुलालाही मारलं. तो दहा वर्षांचा आहे. आम्ही मोठे बाकावर बसलो होतो आणि मार त्याला बसला. तुमची माफी मागायला आलो, पण त्याची कशी मागायची ते मला कळत नाही. बाईंनी त्यांना सांगितलं की मागून टाका, लहान मुलं लगेच देतात. ते निघायला वळले. मग म्हणाले, आज घरी गेल्यावर मागतो.

त्या सोमवारी अण्णा घरी आले तेव्हा तू अभ्यासाला बसला होतास. मला ती संध्याकाळ आठवते, कारण ते तुझ्या शेजारी येऊन बसले आणि तुझ्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढत राहिले. एवढंच त्यांना जमलं असणार. पुढची अठ्ठावीस वर्षंही जमलं नाही, आणि मग ते गेले.

तर दादा, अण्णांनी तुझी माफी मागितली आहे. निरोप टाचणीबाईंकडे पडून होता. पत्ता चुकलेलं टपाल कधी कधी फार फिरून येतं. आलं की मात्र ते ज्याचं त्याला द्यावं, म्हणून देते आहे.

आईला हे तू वाचून दाखव. मोठ्याने वाच. ती भांडी घासायला उठली तर हात धरून बसव.

भिंगरीला माझा पापा. लोभ मागत नाही, तो घरचाच आहे.

तुझी,
ठमी